मॅक्रोच्या आत मॅक्रो लिहिला, तर आतला केव्हा डिफाइन होतो?

वरुडजवळच्या एका गावातला, अमरावतीला इंजिनिअरिंग शिकणारा मुलगा विचारतो: "सर, घरच्या दोन मोटरींसाठी एटीटायनी१३ या चिपवर ऑटो स्टार्टर बनवून राह्यलो. एक बोअरची सबमर्सिबल, एक विहिरीवरची. दोघींचा कोड सारखाच, पिन तेवढी वेगळी, म्हणून मॅक्रोच्या आत मॅक्रो लिहिले. आतला मॅक्रो चालूनच नाही राह्यला, 'अननोन ऑपकोड' म्हणते. बाहेरचा दोनदा वापरला तर 'आधीच डिफाइन झालेला आहे' म्हणते. अन् पुस्तकात लिहिलंय की टू-पास मॅक्रो प्रोसेसरला नेस्टेड डेफिनिशन जमत नाही. मग हे असेंबलरला जमते की नाही जमत?"

जमतं. मॅक्रो म्हणजे नाव दिलेल्या ओळींचा गठ्ठा; ते नाव लिहिलं, म्हणजे कॉल केलं, की असेंबलर (असेंब्ली भाषेचा मशीन-कोड करणारा प्रोग्रॅम) त्या ओळी तिथे उलगडतो. तुझे दोन्ही एरर आणि पुस्तकातलं ते वाक्य, तिन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: कोणती ओळ केव्हा वाचली जाते? आधी तू पाठवलेला कोड समोर ठेवू. तुझ्या फाइलमध्ये तो रोमन अक्षरांत आहे, इथे वाचायला सोपं जावं म्हणून देवनागरीत लिहितो. एसबीआय ही सूचना पिन चालू करते, सीबीआय बंद करते.

.मॅक्रो पंपसेट पिन
    .मॅक्रो चालू
        एसबीआय पोर्टबी, \पिन
    .एंडएम
    .मॅक्रो बंद
        सीबीआय पोर्टबी, \पिन
    .एंडएम
.एंडएम

    चालू

फाइल वाचून झाली म्हणजे असेंबलरला तीन मॅक्रो कळले, असं तू धरून चालला आहेस. त्याला कळलेला मॅक्रो एकच, पंपसेट. '.मॅक्रो पंपसेट' ही ओळ दिसली की तिच्या जोडीच्या '.एंडएम'पर्यंत असेंबलर काहीही समजून घेत नाही, नुसत्या ओळी गोळा करतो. त्या ओळींत सूचना आहेत, लेबलं आहेत की आणखी दोन मॅक्रो आहेत, याच्याशी त्याला त्या वेळी देणंघेणं नसतं. सालदाराजवळ निरोप ठेवला, "बाबा आले की सांग, उद्यापासून मोटर रात्री दहाला लावा," तर निरोप ठेवल्याने मोटरची वेळ बदलत नाही. बाबा येऊन तो ऐकतात तेव्हा बदलते. आतला मॅक्रो हा तसा ठेवलेला निरोप आहे.

म्हणून इथे तीन वेगवेगळे क्षण आहेत. बाहेरच्याची व्याख्या वाचली जाते तेव्हा आतला फक्त मजकूर असतो. बाहेरचा कॉल होतो तेव्हा तो मजकूर, पॅरामीटरच्या जागी किमती घालून, असेंबलरपुढे नव्या सोर्ससारखा येतो, त्यात '.मॅक्रो चालू' ही ओळ दिसते आणि त्या क्षणी 'चालू' डिफाइन होतो. आणि 'चालू' कॉल होतो तेव्हा कुठे एक खरी मशीन-सूचना तयार होते. तू पंपसेट एकदाही न बोलावता थेट 'चालू' लिहिलंस, म्हणजे दुसरा क्षण आलाच नाही. असेंबलरला ते नाव माहीतच नाही, म्हणून त्याने ते एव्हीआरची, म्हणजे तुझ्या चिपच्या घराण्याची, एखादी सूचना समजून शोधलं आणि न सापडल्यावर 'अननोन ऑपकोड' म्हटलं. त्याच्या बाजूने ते बरोबरच आहे.

गोळा करताना असेंबलर एक गोष्ट मात्र मोजतो: खोली. '.मॅक्रो' दिसला की एक वाढवतो, '.एंडएम' दिसला की एक कमी करतो. तुझ्या कोडवर बोट ठेवून मोज: पंपसेटला १, चालूला २, पहिल्या एंडएमला परत १, बंदला २, दुसऱ्या एंडएमला १, तिसऱ्याला ०. शून्य आलं तिथे पंपसेटची व्याख्या संपली. ही मोजणी नसती तर पहिल्याच एंडएमवर पंपसेट बंद झाला असता आणि 'बंद'ची व्याख्या बाहेर उघडी पडली असती. नेस्टेड, म्हणजे एकात एक, व्याख्या जमते ती या एका काउंटरमुळे. आतला एखादा एंडएम लिहायचा राहून गेला तर हाच काउंटर शून्यावर येत नाही आणि असेंबलर फाइलच्या शेवटापर्यंत सगळा प्रोग्रॅम मॅक्रो म्हणून गिळत जातो. एरर मग एका ओळीवर दिसतो, चूक मात्र दुसरीकडेच कुठेतरी असते. असं झालं की एररच्या ओळीवर शोधत बसू नकोस, वरून खोली मोजत ये.

आता दुसरा एरर. 'पंपसेट २' आणि मग 'पंपसेट ३' असं लिहिलंस तेव्हा दोन्ही वेळा आतून '.मॅक्रो चालू' हीच ओळ बाहेर आली. तू वापरतोस तो जीएनयू असेंबलर एकाच नावाचा मॅक्रो दुसऱ्यांदा डिफाइन करू देत नाही. मायक्रोसॉफ्टचा असेंबलर मासम करू देतो, तिथे नवा मॅक्रो जुन्याची जागा गुपचूप घेतो. तुझ्या कामासाठी एरर येणं हेच भलं, कारण दोन मोटरींना एकच 'चालू' असून भागणार नाही. दोघींना आपापलं नाव हवं, आणि ते नावसुद्धा पॅरामीटरमधूनच बनवता येतं:

.मॅक्रो पंपसेट नाव, पिन
    .मॅक्रो \नाव\()_चालू
        एसबीआय पोर्टबी, \पिन
    .एंडएम
    .मॅक्रो \नाव\()_बंद
        सीबीआय पोर्टबी, \पिन
    .एंडएम
.एंडएम

    पंपसेट बोअर, २
    पंपसेट विहीर, ३

    बोअर_चालू
    विहीर_बंद

मधला '\()' बघ. तो नसता तर असेंबलरने 'नाव_चालू' हाच एक अखंड पॅरामीटर समजून शोधला असता, आणि तसा पॅरामीटर नाही. '\()' स्वतः काहीच छापत नाही, पॅरामीटरचं नाव कुठे संपलं एवढंच सांगतो.

एवढ्याने तुझा बोर्ड चालू होईल, पण उत्तर इथे थांबवणार नाही. आतापर्यंतचे एरर असेंबलरने दाखवलेले होते. नेस्टेड मॅक्रोतला खरा त्रास तो दाखवतच नाही. समज, सबमर्सिबलच्या स्टार्ट कपॅसिटरची रिले ठरावीक वेळच ओढायची आहे, म्हणून तू असं लिहिलंस ('थांब_काम' हे आर२४ या रजिस्टरमधल्या आकड्याइतका वेळ काढणारं रूटीन आहे असं धर; एलडीआय रजिस्टरमध्ये आकडा भरते, आरकॉल रूटीनला बोलावते):

.मॅक्रो पंपसेट नाव, पिन, वेळ
    .मॅक्रो \नाव\()_झटका वेळ
        एसबीआय पोर्टबी, \पिन
        एलडीआय आर२४, \वेळ
        आरकॉल थांब_काम
        सीबीआय पोर्टबी, \पिन
    .एंडएम
.एंडएम

    पंपसेट बोअर, २, ५०
    बोअर_झटका १०

शेवटच्या ओळीत तुला १० हवेत. मिळतील ५०. कारण बाहेरचा पंपसेट उलगडताना असेंबलरने आतल्या मजकुरातले सगळे '\वेळ' आपल्या किमतीने बदलून टाकले. 'बोअर_झटका' डिफाइन झाला तेव्हा त्याच्या पोटात '\वेळ' उरलाच नव्हता, '५०' होता. त्याच्या पहिल्या ओळीतला 'वेळ' उलट्या रेघेशिवाय असल्यामुळे तसाच राहिला, म्हणून मॅक्रो एक आर्ग्युमेंट घेतोही, फक्त कुठे वापरत नाही. एरर नाही, वॉर्निंग नाही. स्टार्ट कपॅसिटर मात्र पाचपट वेळ लाइनमध्ये राहतो, आणि तो तेवढ्यासाठी बनवलेलाच नसतो. तापतो, फुगतो, शेवटी फुटतो. गावात मग कपॅसिटरच खराब निघाला म्हणतात आणि दुसरा बसवतात. तोही जातो.

इलाज साधा आहे: आतल्या मॅक्रोच्या पॅरामीटरला बाहेरच्याचं नाव कधीही देऊ नको. मी आतल्या सगळ्या पॅरामीटरना पुढे 'आ_' लावतो, 'आ_वेळ', 'आ_पिन' असं. बाहेरचा उलगडताना '\आ_वेळ' दिसला तर तो आपला पॅरामीटर नाही म्हणून जीएनयू असेंबलर त्याला हात लावत नाही, आणि तो आतल्यासाठी शाबूत राहतो. नासम हा दुसरा असेंबलर वापरणाऱ्यांना हा मार्ग इतका सोपा नाही. तिथे मॅक्रोच्या पॅरामीटरला नाव नसतं, क्रमांक असतो, आणि बाहेरचा पहिला आणि आतला पहिला दोन्ही एकाच खुणेने लिहिले जातात.

आणि लक्षात घे, '\पिन'च्या बाबतीत नेमकं हेच घडलेलं तुला हवं होतं! बाहेरच्या कॉलच्या वेळी पिनचा आकडा आतल्या मॅक्रोत कायमचा बसावा, म्हणून तर तू नेस्टिंग केलंस. यंत्रणा एकच आहे. कोणती किंमत बाहेरच्या क्षणी पक्की व्हावी आणि कोणती आतल्या क्षणापर्यंत मोकळी राहावी, हे प्रत्येक पॅरामीटरसाठी तू ठरवायचं असतं.

'\@'चंही तसंच. दर उलगडण्याला वेगळा आकडा देणारी ही खूण लेबलं वेगळी ठेवायला चांगली, पण आतल्या मॅक्रोत लिहिलीस तर ती बाहेरच्या उलगडण्यातच आकडा होऊन बसते. मग आतला मॅक्रो दोनदा वापरला की एकच लेबल दोनदा तयार होतं. आतल्या मॅक्रोत मी आकड्यांची लोकल लेबलंच वापरतो: '१:' लिहायचं आणि मागे जायचं तर '१बी', पुढे जायचं तर '१एफ'. ती कितीही वेळा आली तरी भांडत नाहीत.

आता पुस्तकातलं वाक्य. ते बरोबर आहे, फक्त ते एका विशिष्ट रचनेबद्दल आहे. टू-पास, म्हणजे सोर्स दोनदा वाचणारा, मॅक्रो प्रोसेसर पहिल्या पासमध्ये फक्त व्याख्या गोळा करतो: मजकूर मॅक्रो डेफिनिशन टेबलात, म्हणजे एमडीटीत, नाव आणि तो मजकूर कुठल्या ओळीपासून आहे तो आकडा मॅक्रो नेम टेबलात, म्हणजे एमएनटीत. दुसऱ्या पासमध्ये तो फक्त कॉल उलगडतो. तुझ्या सुधारलेल्या कोडची एमडीटी पहिल्या पासनंतर अशी असते (#१ म्हणजे पहिला पॅरामीटर, #२ दुसरा):

१  पंपसेट नाव, पिन
२  .मॅक्रो #१_चालू
३  एसबीआय पोर्टबी, #२
४  .एंडएम
५  .मॅक्रो #१_बंद
६  सीबीआय पोर्टबी, #२
७  .एंडएम
८  .एंडएम

एमएनटीत नोंद एकच, पंपसेट, ओळ १. दुसऱ्या पासमध्ये 'पंपसेट बोअर, २' उलगडतो आणि त्यातून 'बोअर_चालू'ची व्याख्या बाहेर पडते. पण व्याख्या घेण्याचं काम पहिल्या पासचं होतं आणि तो संपून गेला आहे. पुढे 'बोअर_चालू'चा कॉल येतो तेव्हा एमएनटीत ते नाव नसतं. पहिला पास परत चालवावा, तर व्याख्या जितक्या थर खोल तितक्या वेळा दोन्ही पास फिरवत बसावं लागतं.

वन-पास प्रोसेसर दोन्ही कामं आळीपाळीने करतो. पंपसेट उलगडत असताना तो एमडीटीच्या ओळ २ पासून वाचतो, आणि त्यातून निघालेली 'बोअर_चालू'ची व्याख्या त्याच एमडीटीत ओळ ९ पासून लिहितो. त्या एका व्याख्येला तीन ओळी लागतात, म्हणून 'बोअर_बंद' १२ वर जातो. विहिरीचा कॉल झाला की १५ आणि १८. एमएनटीत आता पाच नावं असतात. परीक्षेत हा प्रश्न आला तर व्याख्या पाठ करून लिहिण्यापेक्षा हे टेबल कॉलगणिक वाढवून दाखव. तपासणाऱ्याला कळतं की तुला समजलं आहे. एक मुद्दा बरेच जण सोडतात, तो लिही: उलगडणं चालू असतानाच नवी व्याख्या वाचली जाऊ शकते, म्हणून आर्ग्युमेंटची यादी, म्हणजे एएलए, दोन वेगळ्या लागतात. एक चालू असलेल्या कॉलच्या खऱ्या किमतींसाठी, दुसरी नव्याने घेतल्या जाणाऱ्या व्याख्येच्या पॅरामीटरांसाठी. आणि वर मोजलेली खोली म्हणजेच पुस्तकातला मॅक्रो डेफिनिशन लेव्हल काउंटर. वन-पासची अट एकच: मॅक्रोची व्याख्या त्याच्या कॉलच्या आधी यायला हवी. जीएनयू असेंबलर नावांसाठी हॅश टेबल ठेवतो, पण मॅक्रोंच्या बाबतीत वागणं असंच.

ही कल्पना जुनी आहे. १९६० साली बेल लॅब्समधल्या डग्लस मॅकिलरॉय यांनी मॅक्रोंवर जो लेख लिहिला, त्यातच नेस्टेड व्याख्येला जागा होती. आपल्याकडे अजून लॅबमध्ये शिकवतात त्या ८०८५ साठी इंटेलने दिलेला मॅक्रो असेंबलरही हे करत असे.

मग वापरायचं कधी? मी स्टार्टरचे आणि जिनिंगच्या यंत्रांचे कंट्रोल बोर्ड करतो, आणि माझ्या मते दोन जागा अशा आहेत जिथे नेस्टेड व्याख्या खरोखर शोभते.

पहिली म्हणजे सुरुवात-शेवटाची जोडी. हे शिकायला एफएफएमपेग या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरचा, एआरएम प्रोसेसरसाठीचा असेंब्ली कोड उघडून बघ. तिथे 'फंक्शन' हा मॅक्रो आपल्या आत 'एंडफंक' डिफाइन करतो. आतल्याला फंक्शनचं नाव बाहेरच्याकडून मिळालेलं असतं, आणि काम झालं की 'एंडफंक' '.पर्जएम'ने स्वतःलाच पुसून टाकतो. त्याचं आपल्यापुरतं छोटं रूप:

.मॅक्रो रूटीन नाव
    .मॅक्रो रूटीन_संप
        रेट
        .साइज \नाव, . - \नाव
        .पर्जएम रूटीन_संप
    .एंडएम
\नाव:
.एंडएम

शेवटी नाव परत लिहावं लागत नाही, हा फायदा छोटा. मोठा फायदा पहारेकऱ्याचा. एखादं रूटीन 'रूटीन_संप' न लिहिता सोडलंस आणि पुढचं सुरू केलंस, तर 'रूटीन_संप आधीच डिफाइन झालेला आहे' असा एरर लगेच येतो, कारण मागचा पुसलाच गेला नाही. उलट, सुरुवात न करताच संपवलंस तर 'अननोन ऑपकोड'. ज्या दोन एररनी तुला हैराण केलं, तेच इथे रेट, म्हणजे रूटीनमधून परतण्याची सूचना, विसरण्यापासून वाचवतात. रेट विसरला तर प्रोसेसर सरळ पुढच्या रूटीनमध्ये घुसतो, आणि ते शोधायला सबंध रात्र जाते.

दुसरी जागा: पहिल्या कॉलला एक आणि नंतर दुसरंच वागणारा मॅक्रो.

.मॅक्रो थांब
    .पर्जएम थांब
    .मॅक्रो थांब
        आरकॉल थांब_काम
    .एंडएम
    आरजंप ९एफ
थांब_काम:
    एलडीआय आर२५, २५५
१:  डेक आर२५
    बीआरएनई १बी
    डेक आर२४
    बीआरएनई थांब_काम
    रेट
९:
    थांब
.एंडएम

पहिल्यांदा 'थांब' लिहिलंस की तो जुनी व्याख्या पुसतो, नवी मांडतो, रूटीनचा देह एकदाच तिथे टाकतो आणि मग नव्या 'थांब'ने त्याला बोलावतो. पुढचे सगळे 'थांब' नुसते एक आरकॉल. उलगडायचा मजकूर असेंबलरने आधीच बाजूला काढून घेतलेला असतो, म्हणून मॅक्रो चालू असताना स्वतःला पुसू शकतो. हिशेब बघ: देह पाच वेळा जसाच्या तसा टाकला तर रेट सोडून ५ शब्द गुणिले ५, म्हणजे २५ शब्द. या रीतीने देहाचे ६, उडीचा १, आरकॉलचे ५, एकूण १२. वाचले १३ शब्द, २६ बाइट. एटीटायनी१३ मध्ये फ्लॅश सगळी १०२४ बाइट आहे, तिथे हे दिसण्याइतकं आहे. दर आरकॉलला स्टॅकचे २ बाइट मात्र जातात, आणि रॅम ६४ बाइटच आहे, हे विसरू नको. शिवाय पहिल्या कॉलच्या जागी उडीची २ सायकल जास्त लागतात.

यावर तू म्हणशील, रूटीन खाली एकदा लिहून वर साधा आरकॉल केला तर काय बिघडलं? एकाच बोर्डाचा प्रोग्रॅम असेल तर काहीच नाही, तसंच कर. ही रीत लागते ती चार बोर्डांना मिळून एकच मॅक्रोची फाइल असते तेव्हा. ज्या बोर्डात 'थांब' एकदाही येत नाही, तिथे हे रूटीन एकही बाइट खात नाही.

या दोन जागा सोडल्या तर मॅक्रोच्या आत मॅक्रो डिफाइन करण्यापेक्षा दोन्ही शेजारी-शेजारी लिहून एकातून दुसऱ्याला कॉल करणं बरं. कॉलचं नेस्टिंग वाचायला सोपं असतं. तीन थर खोल व्याख्या लिहायची वेळ आली तर मी कोड थांबवून आखणीच बदलतो, कारण तीन थरांतला '\पिन' नेमका कोणाचा, हे सहा महिन्यांनी लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही.

तुझ्या बोर्डासाठी आता एवढं कर. असेंबलरला '-एएलएम' हा पर्याय दे, म्हणजे लिस्टिंगमध्ये (सोर्स आणि त्याचा मशीन-कोड शेजारी दाखवणाऱ्या यादीत) मॅक्रो उलगडलेले दिसतात. जीसीसीमार्फत चालवत असशील तर तोच पर्याय '-डब्ल्यूए,' च्या मागे लाव. एटीटायनी१३ मध्ये पोर्टबीचा आय-ओ पत्ता हेक्समध्ये १८ आहे, म्हणून 'बोअर_चालू' जिथे वापरलास तिथे कोडच्या रकान्यात सी२९ए दिसायला हवं आणि 'विहीर_चालू' जवळ सी३९ए. बंद करणाऱ्यांत शेवटचं ९ए जाऊन ९८ येतं: सी२९८, सी३९८. बाइट उलट क्रमाने छापलेले असतात, म्हणून पिनचा आकडा पहिल्या बाइटात दिसतो. दोन्ही मोटरींच्या ओळींत एकच बाइट दिसले तर पंपसेटच्या दोन्ही कॉलना एकच पिन गेली आहे, नाहीतर आत '\पिन'ऐवजी थेट आकडा लिहिला गेला आहे. ते सुधारल्याशिवाय चिप बर्न करू नको, आणि पहिली चाचणी मोटर सोडवून, रिलेवर बल्ब लावून घे.